"झालं की रे आता!" म्हणायला कोणी नसताना: घरच्या घरी एकट्याने वाद्यसंगीताचा अल्बम

माझ्या पहिल्या अल्बममधल्या एका सहा मिनिटांच्या तुकड्यात ४३ ट्रॅक, म्हणजे एकावर एक चढवलेले आवाजाचे थर, होते. त्यातले अकरा गिटारचे, आणि ते अकराही जवळजवळ तीच सुरावट वाजवत होते. वर्षभर मी भर घालत राहिलो, कारण अडवणारं कोणी नव्हतं. बँडमध्ये ड्रमर कंटाळतो, बेसवाला "झालं की रे आता!" म्हणतो आणि तुकडा संपतो. एकट्याच्या अल्बममध्ये वाद्यांची सोय होते, सॉफ्टवेअर तर फुकटही मिळतं. मिळत नाही तो हा बेसवाला.

त्यामुळे या लेखात गिटार कुठली घ्यावी याबद्दल फार काही नाही. त्या माणसाची जागा कशी भरून काढायची, याबद्दल आहे. माझं शिक्षण कानावर आणि चुकांवर झालेलं, घर डोंबिवलीतलं, खोली दहा बाय दहाची.

एकट्याच्या अल्बमचं नाव निघालं की इंग्लिश संगीतकार माइक ओल्डफिल्डचं उदाहरण येतंच. त्याने उसन्या टेपरेकॉर्डरचं आवाज पुसणारं हेड झाकून टाकलं आणि घरीच थरावर थर चढवत डेमो केला. त्यातून झालेला 'ट्युब्युलर बेल्स' मे १९७३ मध्ये आला, तेव्हा तो जेमतेम २० वर्षांचा होता. जवळजवळ सगळी वाद्यं त्याचीच. पण श्रेयनामावली नीट वाचा. निर्माता म्हणून त्याच्यासोबत टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ अशी आणखी दोन नावं आहेत. म्हणजे स्टुडिओतल्या काचेच्या पलीकडे माणसं बसलेली होती. आपल्याकडे काचही नाही.

आधी भिंतीवरचा कागद

एकही तार छेडण्याआधी एक कागद लिहा आणि समोर चिकटवा. माझ्या कागदावर चार ओळी असतात: एकूण वेळ ४० मिनिटांच्या आत, तुकडे सात, एका तुकड्यात जास्तीत जास्त १६ ट्रॅक आणि संपवायची तारीख. ४० मिनिटं का, तर लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटं नीट बसतात, आणि शब्द नसलेलं संगीत त्याहून जास्त वेळ सलग ऐकणं मला स्वतःलाही जड जातं.

१६ ट्रॅकची अट सुरुवातीला जाचक वाटेल. सतरावा ट्रॅक हवाच असेल तर आधीच्या सोळांतला एक काढा. काढायला घेतलात की कळतं, कुठला नुसताच बसून होता.

खोली

चौरस खोली ही आपल्या फ्लॅटांची देणगी. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर घुमतो. बेसची उघडी ए तार ५५ हर्ट्झची. म्हणजे ती तार छेडली की खोलीच वाजू लागते, आणि लांबी-रुंदी सारखी असेल तर दोन्ही दिशांनी. मी दोन वर्षं माझ्या बेसला दोष देत होतो. इक्वलायझरवर ५५च्या आसपासचा भाग कापत होतो, आणि मित्राच्या गाडीत तेच मिश्रण पोकळ का वाजतं ते कळत नव्हतं.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका, खालच्या सुरांवर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही. कोपऱ्यात गादी उभी करा. बसता तिथल्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जाड गोधड्या लटकवा, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट असेल तर उत्तम. बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर नको, थोडी पुढे सरका. एवढं करूनही खालचे सूर खोलीत शंभर टक्के खरे वाजणार नाहीत, म्हणून बेसचा निर्णय हेडफोनवर घ्या.

सामान आणि घूं-घूं

एक गिटार, एक बेस (नसेल तर उसना), दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज संगणकात नेणारी डबी), उघड्या पाठीचे हेडफोन, एक साधा डायनॅमिक माइक. गिटारची केबल इंटरफेसच्या 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेल्या इनपुटमध्येच घाला, लाइनमध्ये घातली तर आवाज मेलेला येतो. सॉफ्टवेअर म्हणून मी रीपर वापरतो. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरला आहे. गिटार अँपच्या आवाजासाठी न्यूरल अँप मॉडेलर आणि सिंथसायझरसाठी सर्ज एक्सटी, दोन्ही मोफत. रेकॉर्डिंगचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि पुन्हा त्या सेटिंगकडे बघू नका.

वाजवताना बफर (संगणक आवाज ज्या घासांत घेतो त्यांचा आकार) १२८ सॅम्पलवर ठेवा. एवढ्याने पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो, म्हणजे अँप तुमच्यापासून मीटरभर लांब असल्यासारखं. मिक्स करताना १०२४ करा, म्हणजे लॅपटॉप धापा टाकणार नाही.

आता घूं-घूं, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये शिरणारा विजेचा आवाज. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हा आवाज ५०, १०० आणि १५० वर बसतो. पण कापायच्या आधी तो कुठून येतो ते शोधा. गिटार हातात धरून खुर्चीवर गोल फिरा. काही दिशांना आवाज कमी होत असेल तर तो पिकअप (तारांखालचं, त्यांचं कंपन पकडणारं चुंबक) हवेतून पकडतोय. सिंगल कॉइल पिकअपवर हे व्हायचंच, गप्प दिशा सापडली की तिकडे तोंड करून वाजवा. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर शिल्डिंग किंवा अर्थिंगकडे बघा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गेला तर बॅटरीवर रेकॉर्ड करा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असला की वेगळी करकर येते. पंखा पूर्ण वेगात किंवा बंद. उन्हाळ्यात यातलं काय निवडायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू असताना मात्र रेकॉर्डिंगचं नावही काढू नका.

सुरावट कुठून आणायची

स्वतः शिकलेल्या माणसाचा हात तीन-चार ओळखीच्या जागांवर आपोआप जातो. शिक्षक असता तर त्याने हटकलं असतं. तो नाही, म्हणून हाताखालची जमीनच हलवायची. गिटारच्या तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावा. युरोप-अमेरिकेत लोकसंगीतवाल्यांनी ही लावणी मिरवली, पण आपल्या कानाने बघितलं तर ती सा-प-सा-म-प-सा आहे. तंबोरा हातात असल्यासारखीच. ओळखीचे कॉर्ड सगळे निकामी होतात आणि कानाने शोधावं लागतं. माझ्या बऱ्या म्हणाव्यात अशा सुरावटी लावणी बदलल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात सुचल्या आहेत. फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी हात ती लावणीही शिकतो आणि मग पुन्हा तेच ते.

लयीच्या बाबतीत आपल्याला घरातच मोठं घबाड सापडतं. रॉकमध्ये सात मात्रांचा रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी सुरावट) म्हटलं की पोरं एक ते सात आकडे मोजत बसतात. रूपक डोक्यात वाजवा: ती ती ना, धी ना, धी ना. तीन-दोन-दोन. रिफमधला जोर त्याच ठिकाणी द्या, मोजायची गरज पडत नाही. दहा मात्रांसाठी झपताल, दोन-तीन-दोन-तीन.

आता एक युक्ती सावकाश सांगतो, कारण माझ्या दुसऱ्या अल्बमचा अर्धा भाग तिच्यावर उभा आहे. गिटारवर सात मात्रांचा रिफ, ड्रमवर साधा चार मात्रांचा ठेका. दोघे एकत्र निघतात, लगेच फाटतात आणि २८ मात्रांनी पुन्हा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, एकत्र गाठतात. तेवढ्यात रिफ चार वेळा होतो आणि ठेका सात वेळा. मिनिटाला १४० मात्रांच्या लयीत २८ मात्रा म्हणजे बरोबर १२ सेकंद. ऐकणाऱ्याला सहा-सात सेकंदांनी वाटतं की हा चुकला, आणि बाराव्या सेकंदाला सगळं जागेवर येतं. हे दोनदा झालं की तो वाट बघायला लागतो. तिसऱ्यांदा सम आली की शेवटी तिहाई टाका. पाच आघातांचा तुकडा तीनदा वाजवला की पंधरा होतात. सातच्या आवर्तनात समेवर सुरू केलात तर चौदाव्या आघाताला दोन आवर्तनं संपतात आणि पंधरावा बरोबर समेवर पडतो. जागा सोडायची नाही, घाई करायची नाही. ड्रम मात्र त्या वेळी गप्प ठेवा, नाहीतर कोणालाच काही कळत नाही.

गायकाची खुर्ची

शब्द नसलेल्या रचनेत सगळ्यात मोठी चूक एकच: कोणीच गात नाही. सगळी वाद्यं साथ करतात. म्हणून मी वहीत दर अर्ध्या मिनिटाला एक चौकट आखतो आणि त्यात लिहितो, या वेळी गायकाच्या खुर्चीत कोण बसलंय. ०:०० ते ०:३० बेस. मग गिटार. मग कोणी नाही, नुसता तंबोऱ्यासारखा भरणा. मग ड्रम. एका चौकटीत दोन नावं लिहावीशी वाटली तर त्या भागात काहीतरी गडबड आहे. सलग दोन चौकटी रिकाम्या असतील तर ऐकणारा पुढे सरकवणार.

ही चूक मी केली आहे. एका तुकड्यात चार मिनिटांचा एकसुरी भरणा होता, आणि मला तो फार भव्य वाटायचा. तिसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या.

"काय रे, परवापासून कोणाचा पंप चालू राहिलाय का? रात्री पण घों-घों चाललेली असते."

"नाही काकू, तो मीच."

"अगंबाई! मग मध्ये जरा थांबव की. एवढा वेळ काय!"

तो भाग मी एक मिनिट पन्नास सेकंदांवर आणला. अजूनही थोडा लांबच आहे.

ड्रम

खरे ड्रम फ्लॅटमध्ये शक्य नाहीत, म्हणून बहुतेकांचे ड्रम सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि तिथेच अल्बम उघडा पडतो. माणसाला दोन हात आणि दोन पाय. कुठल्याही क्षणी हाय-हॅट (जोडीच्या झांजा), स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) आणि क्रॅश (मोठी झांज) एकत्र वाजत असतील तर तिसरा हात कुणाचा, हे विचारा. प्रत्येक आघाताच्या जोराचा आकडा १ ते १२७ मध्ये असतो. सगळे १०० वर ठेवलेत तर शिवणयंत्र ऐकू येईल. हाय-हॅटवर एकाआड एक जोर कमी करा, स्नेअरच्या मुख्य आघाताआधी २५-३० जोराचे हलके स्पर्श टाका आणि स्नेअर क्लिकच्या (हेडफोनमधल्या तालाच्या टकटकीच्या) जरा मागे, सात-आठ मिलिसेकंद, सरकवा. संगणकाचं 'रँडम' बटण वापरू नका. ड्रमर चुकतो तो एका बाजूला चुकतो, कसाही नाही.

मला जास्त आवडतो तो दुसरा मार्ग. गव्हाने भरलेल्या डब्यावर मूठ मारली की चांगला किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा आवाज) मिळतो. रिकामा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात चार तांदळाचे दाणे, हा स्नेअर. चाव्यांचा जुडगा हाय-हॅटच्या जागी. प्रत्येक आवाज एकदाच घ्यायचा नाही, सात-आठ वेळा वेगवेगळ्या जोराने घ्या आणि आलटून-पालटून लावा. सॉफ्टवेअरच्या ड्रमखाली हे हलकंसं मिसळलं तरी ठेका माणसाळतो.

प्रयोग म्हणजे काय

नुसता गोंगाट म्हणजे प्रयोग नव्हे. एक गोष्ट बदलायची, बाकीचं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते ऐकायचं. बाराव्या पडद्याजवळ तारांखाली पेन्सिल सरकवा, गिटार घंटेसारखी वाजू लागते. फ्रेड फ्रिथ आणि कीथ रो या प्रयोगशील वादकांनी गिटार अशी आडवी टाकून, वस्तू खोचून वाजवलेली आहे, त्यामुळे आपण काही नवं केलं असं समजू नये. पण प्रत्येक गिटारची घंटा निराळी, ती तुमचीच.

दुसरा प्रयोग टेपच्या काळातला. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७० च्या दशकात दोन रीव्हॉक्स टेपमशीन शेजारी ठेवली. एकावर आवाज चढायचा, तीच टेप पुढे दुसऱ्यावर जाऊन काही सेकंदांनी वाजायची आणि तो आवाज परत पहिल्याकडे यायचा. लॅपटॉपवर एका डिलेमध्ये (आवाज उशिरा परत वाजवणाऱ्या इफेक्टमध्ये) हे होतं: वेळ पाच सेकंद, फीडबॅक, म्हणजे दर फेरीला परत येणारा आवाज, ८५ टक्के. एक सूर सोडला की तो दर पाच सेकंदांनी थोडा मंद होत परत येतो आणि चौदा-पंधरा फेऱ्यांनी, म्हणजे ७० सेकंदांच्या आसपास, एक दशांशावर उतरतो. त्यामुळे आत्ता टाकलेला सूर पुढच्या मिनिटभराच्या सगळ्या सुरांशी जमला पाहिजे. इथे घाईघाईत वाजवणाऱ्याचं काम नाही. तुकडा थेट एका दमात रेकॉर्ड करा, नंतर दुरुस्ती करू नका. दहातले आठ फेकावे लागतात, उरलेल्या दोनांत कुठेतरी दीड मिनिट सोनं असतं.

रेकॉर्डिंगचा क्रम

क्लिकवर कच्ची गिटार, मग ड्रम, मग बेस, मग ती कच्ची गिटार पुसून पक्की. कच्ची गिटार ठेवून देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. एका भागाचे पाचपेक्षा जास्त टेक घेऊ नका, म्हणजे पाचपेक्षा जास्त वेळा तो रेकॉर्ड करू नका. पाचात आला नाही तर भाग हातापेक्षा अवघड लिहिलाय, सोपा करा. डाव्या-उजव्या गिटार दोनदा वेगवेगळ्या वाजवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही, आवाज फक्त मध्येच मोठा होतो.

गिटारचा कोरा, अँपशिवायचा सिग्नलही जपून ठेवा. सहा महिन्यांनी अँपचा आवाज आवडेनासा होतो, वाजवणं टिकतं.

आणि मग सात दिवस हात लावायचा नाही. माझ्याकडे बेसवाला नाही, म्हणून हे सात दिवस मी बेसवाला समजतो. आठव्या दिवशी साध्या इअरफोनवर, लोकलमध्ये, डोंबिवली ते ठाणे. लॅपटॉप नाही, थांबवणं नाही. जिथे लक्ष खिडकीबाहेर गेलं ती वेळ फोनवर टिपायची, कारण लिहायचं नाही. घरी येऊन त्या जागा कापायच्या. पाच तुकड्यांमागे साधारण तीन मिनिटं जातात आणि आजवर एकाचीही मला आठवण आलेली नाही.

मिक्स

गिटारना ८० ते १०० हर्ट्झच्या खाली काम नाही, तिथे फिल्टर लावा. ती जागा बेसची आणि किकची. बेस मध्ये ठेवा. गायकाच्या खुर्चीतल्या वाद्याला १ ते ३ किलोहर्ट्झचा पट्टा मोकळा द्या, म्हणजे बाकीच्यांचा तिथे एक-दोन डेसिबल कमी करा. आवाज बोलण्याइतका हळू ठेवून मिक्स करा. मोठ्या आवाजात खालचे आणि वरचे सूर कानाला आपोआप भरभक्कम वाटतात आणि सगळंच छान वाटायला लागतं. रोज दीड तास, त्यानंतरचे निर्णय दुसऱ्या दिवशी उलटे फिरवावे लागतात. दिवसातून एकदा मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐका. एखादी गिटार गायब झाली तर तिथला रुंदीचा खेळ फसलेला आहे.

मास्टरिंग, म्हणजे पूर्ण मिक्सवरचा शेवटचा हात, शक्यतो दुसऱ्याकडून करून घ्या. अख्ख्या अल्बमात एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे तर ते इथे, कारण इथे अखेर एक परका कान मिळतो. ते शक्य नसेल तर निदान आवाज चढवायच्या शर्यतीत पडू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) सगळ्यांना आणून ठेवतं. तुम्ही उणे ८ वर ठोकून भरलात तर ते सहा डेसिबल खाली ओढणार, आणि हळू-जोरातला फरक तुम्ही आधीच मारून टाकलेला असणार. शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको.

बाहेर काढणं

हे लवकर उरकतो. वितरकाकडे (अल्बम स्ट्रीमिंग ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) वेव्ह फायली आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं चित्र, प्रकाशनाच्या चार आठवडे आधी. 'इन्स्ट्रुमेंटल' या चौकटीवर खूण करायला विसरू नका, नाहीतर गीतकार कोण म्हणून फाइल परत येते. प्रत्येक तुकड्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, लागतो, तो बहुतेक वितरक देतात. स्पॉटिफायच्या संपादकांना तुकडा सुचवायचा तर निदान सात दिवस आधी, आणि एकच सुचवता येतो.

कॉपीराइट भारतात आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. संगीतकृतीवर हयातभर आणि पुढे ६० वर्षं. संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व बघून ठेवा. जुन्या तबकडीवरचं कीर्तन कापून तुकड्यात घालायची कल्पना प्रत्येकाला एकदा सुचते. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, परवानगी नसेल तर घालू नका.

पैशांचं स्पष्ट सांगतो. ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात, मग तुकडा ४० सेकंदांचा असो की १२ मिनिटांचा. २०२४ पासून १२ महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या तुकड्याला स्पॉटिफाय काहीच देत नाही. आपल्यासारख्यांसाठी बँडकँप बरा, तिथे कलाकार थेट अल्बम विकतो. डिजिटल विक्रीतले १५ टक्के तो घेतो, वर पैसे वळते करण्याचं थोडं शुल्क जातं, बाकी आपले. माझ्या अख्ख्या दुसऱ्या अल्बमच्या कमाईत गिटारच्या तारांचे सहा संच आले.

शेवटचं काम

अल्बम लागला त्याच आठवड्यात प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून, इफेक्टसकट, वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा. तीन प्रती: लॅपटॉपवर, बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर. पाच वर्षांपूर्वीचा माझा एक प्रोजेक्ट गेल्या महिन्यात उघडला तर चार प्लगइन सापडेनात आणि बेसच्या जागी शांतता. फायलींची नावं 'गिटार_नवी_फायनल_२' अशी होती. त्या अकरा गिटारींपैकी अल्बममध्ये नक्की कुठल्या वाजतायत, हे मला आता कानानेच शोधावं लागतंय.